जर्मनीची अब्रू

आमच्या कारखान्यात जर्मनी रोज सकाळी सातच्या ठोक्याला सायकलवरून यायचे. हँडलला डब्याची पिशवी, पायात झिजलेल्या चपला, शर्टाच्या खिशात नट आवळायचे दोन पाने आणि चेहऱ्यावर अख्ख्या देशाबद्दलचा तिटकारा. सायकल भिंतीला टेकवताना त्यांची नजर भिंतीच्या उडालेल्या गिलाव्यावर पडायची आणि त्यांच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघायचा. "भंगार." मग ते डबा खुंटीला अडकवून कामाला लागायचे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांना सगळे 'जर्मनी' म्हणायचे आणि आम्ही घरची मुलं 'जर्मनीमामा'. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, टॉवेल विणायचा आठ मागांचा कारखाना होता आणि मामा आमचे जॉबर होते. माग बिघडला की त्याच्या पोटात शिरून त्याला पुन्हा चालतं करायचं, हे जॉबरचं काम. त्यांच्या घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी ते मराठी बोलायचे आणि बिघडलेल्या मागाशी जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पासपोर्ट तर सोडाच, या माणसाने पुण्याचं तिकीटसुद्धा उभ्या आयुष्यात दोनदाच काढलं होतं. पण जर्मनीबद्दल असं बोलायचे, जणू काल संध्याकाळीच तिथून परतलेत.

त्याला कारण होतं. तरुणपणी ते एका मिलच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे लोखंड कातायचं एक जर्मन लेथ होतं. ते लेथ मामांनी अकरा वर्षं पुसलं, त्याला तेल दिलं, त्याच्यावर काम केलं. मिल बंद पडली तेव्हा बाकीचे कामगार पोटाच्या काळजीने रडले. मामाही रडले, पण पंधरा दिवसांनी. भंगारवाल्याने ते लेथ घणाने फोडून, तुकडे करून हातगाड्यावर घातलं, त्या दिवशी. "लेथ फोडलं की हो," एवढंच ते सांगायचे. "चालू लेथ." पुढे 'भंगार' हा शब्द त्यांनी एवढा वापरला की आम्ही त्याला हसायला शिकलो. तो त्यांनी कुठून उचलला हे मात्र आम्ही विसरून गेलो.

मामांना कुठलीही वस्तू सरळ बघता यायची नाही. हातात आली की ती आधी उलटी व्हायची. कुठे बनली हे वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. लग्नाच्या पंगतीत ते पाण्याचा पेला उलटा करायचे, तोसुद्धा कधीकधी भरलेला. अण्णांनी मोठा टीव्ही आणला, शेजारीपाजारी बघायला आले. मामाही आले आणि म्हणाले, "मागची बाजू दावा." दाखवली. अण्णा चातकासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "चालू दे," मामा म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. अण्णांचा टीव्हीतला रस तिथेच निम्मा झाला.

पण शिक्का हा नुसता प्राथमिक पुरावा. खरी परीक्षा नटाची. कुठलाही बोल्ट दिसला की मामा त्यावर नट ठेवायचे आणि दोन बोटांनी फिरवायचे. नट न अडता शेवटपर्यंत गेला, तर "देश हाय." मध्येच अडला आणि पाना लावावा लागला, तर "गाव हाय." आणि आटे सुटले तर काय, ते आता सांगायला नको. जगात दोनशेच्या आसपास देश आहेत असं मी वर्गात शिकवतो. मामांच्या यादीत चार होते. जर्मनी, जपान आणि स्वित्झर्लंड हे तीन. चौथी जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. कुणासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "असू दे की रिकामी. घाई काय हाय?"

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालो, याचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. मामांना नव्हतं. एकदा एका चर्चासत्रासाठी मी देशांच्या औद्योगिक सामर्थ्याची तुलना करणारा मोठा तक्ता केला. दरडोई उत्पन्न, पोलाद, वीज, निर्यात, सगळं रंगीत. पांढरपेशा माणसाला कामगारापुढे मिरवण्याची जी हौस असते त्या हौसेने तो कारखान्यात नेऊन मामांपुढे पसरला. त्यांनी हात पुसले, तक्ता नीट पाहिला, आणि सवयीने उलटा करून मागचा कोरा भागही पाहिला.

"प्रोफेसर, ह्यात नट कुटं हाय?"

मी म्हणालो, "मामा, नट कसा असेल? हे सगळे एकूण आकडे आहेत."

"मग हे कुणी मोजलं?"

"तज्ज्ञांनी."

"त्येंनी नट फिरवून बगितला व्हता का?"

चर्चासत्रात माझ्या तक्त्याचं खूप कौतुक झालं. कौतुक करणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी नट फिरवला होता का, हे मला माहीत नाही. मी स्वतः फिरवला नव्हता, हे नक्की माहीत आहे.

माझा चुलतभाऊ प्रकाश याचा कारखाना शेजारीच. त्याच्या शेडचा दरवाजा गेली सहा वर्षं उचलून लावावा लागतो. या प्रकाशच्या फोनवर एके दिवशी निरोप आला की आपला देश अर्थव्यवस्थेत आणखी एका देशाच्या पुढे गेला. कोणाच्या, ते त्याला नीट सांगता येत नव्हतं, पण त्याने पेढे आणले. दोन्ही कारखान्यांत वाटले. मामांच्या पुढे खोका धरून म्हणाला, "घ्या मामा, पुढे गेलो आपण!"

"पुडं गेलो म्हंजे कुटं पोचलो, बे?"

"अहो, नंबर वर गेला ना!"

मामांनी पेढा घेतला, खाल्ला, मग खोका हातात घेऊन त्याचं झाकण दोनदा लावून पाहिलं. एक कोपरा उघडाच राहात होता. "ह्ये बी मिटंना," ते म्हणाले आणि खोका त्याच्या हातात परत दिला. प्रकाश महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मामांना ते महिन्याने कळलं.

अख्ख्या सोलापुरात मामांच्या कसोटीला उतरलेली वस्तू एकच होती. त्यांच्या बायकोने वळलेली विडी. मामी घरी बसून विड्या वळायच्या. एकदा मी गेलो असताना मामांनी सुपातून मूठभर विड्या उचलल्या, जमिनीवर उभ्या ठेवल्या आणि त्यांच्यावर पट्टी आडवी टेकवली. पट्टी जराही कलली नाही. "बगा प्रोफेसर," ते म्हणाले, "हिच्या हाताला माप हाय. जर्मनीला जमंल का?" मामींनी वर न बघता सांगितलं, "विड्या सांडू नका." आयुष्यात दुसऱ्या कुणाबद्दल त्यांच्या तोंडून स्तुती ऐकल्याचं मला आठवत नाही.

आणि सगळ्यात जास्त तिटकारा त्यांना जुगाडाचा होता. अण्णांना त्याचाच अभिमान. तुटलेला भाग सायकलच्या ट्यूबने बांधून माग चालवला की अण्णा पाहुण्यांना हाताला धरून दाखवायला न्यायचे. "फॉरेनला हजारो रुपये घालवतात, आपण ट्यूबमध्ये भागवलं." मामा लांब उभे राहून ऐकायचे. पाहुणे गेले की ट्यूब सोडायचे, कुठल्या तरी लेथवर जाऊन नीट भाग करून आणायचे आणि बसवायचे. "जुगाड म्हंजे हरल्याल्या माणसाचा सत्कार," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी पुढे माझ्या व्याख्यानांत कितीदा वापरलं, आणि एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही.

मामा साठीला आले तेव्हा अण्णांनी बिनधोट्याचा जर्मन माग घ्यायचं ठरवलं. नवा परवडणार नव्हता. तिकडची एक मिल बंद होत होती, तिथला जुना माग एका एजंटामार्फत येणार होता. मामांना हे कळलं तेव्हा ते डबा न उघडताच बसून राहिले. ज्या देशाचे गोडवे गाण्यात हयात घालवली, त्याच्या यंत्राला म्हातारपणी पुन्हा एकदा हात लावायला मिळणार होता. त्यांना दुसरं काही नको होतं. त्यांनी गवंड्याच्या डोक्यावर बसून मागाचा पाया घालून घेतला. पाण्याची नळी लावून या टोकाची पातळी त्या टोकाशी इतक्यांदा ताडून पाहिली की गवंडी काम सोडून जायला निघाला. माग आला त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आणि साबणाने हात धुऊन उभे होते.

पण मागाबरोबर एजंटाचा माणूसही आला होता आणि अट अशी होती की मागाला तोच हात लावणार. मामा जवळ सरकले तसा तो तरुण म्हणाला, "आजोबा, लांब थांबा. याला हातोडी चालत नाही." ज्यांनी जन्मात कुठल्या यंत्रावर हातोडी उगारली नाही, त्यांना हे ऐकवलं. अण्णा तिथेच होते. तेही म्हणाले, "मामा, तुम्ही जरा बाजूलाच राहा." मामा भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि पुढचे आठ दिवस तिथूनच बघत राहिले. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

माग सुरू झाला आणि टॉवेल बिघडलेले यायला लागले. टॉवेलावरचे दोऱ्याचे फासे एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला ठेंगणे. एजंटाचा माणूस कधी व्होल्टेजला दोष देई, कधी सोलापूरच्या उन्हाला. शेवटी फोन आल्यासारखं करून गेला तो गेलाच. परदेशातल्या एका हॉटेलाची ऑर्डर अडकली होती. मग अण्णांना मामांची आठवण झाली.

मामांनी कारखान्याच्या सुट्टीचा दिवस मागून घेतला. शेडमध्ये कुणी नको म्हणाले, मीसुद्धा. दुपारी मी चहा घेऊन गेलो तर दाराला आतून कडी. त्यांनी फटीतून हात बाहेर काढून कप घेतला. मधे एकदा ते सायकलवर बसून ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले, एवढं वॉचमनने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू केला आणि फासे असे सारखे आले की टॉवेलावरून हात उचलवेना.

"काय झालं होतं?" अण्णांनी विचारलं. सगळे कामगार भोवती जमले होते.

मामांनी एकदा मागाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाया. माझ्याकडनं उतरता झाला व्हता. पाचर घालून सरळ केलाय."

अण्णांनी तीस वर्षांचा वचपा काढला. टीव्हीपासून सायकलच्या ट्यूबपर्यंतचा सगळा. "जन्मभर दुसऱ्याच्या कामाला भंगार म्हणत फिरलात. आणि स्वतःला साधा पाया घालता येत नाही? परदेशी माग बसवायला निघाले!" सगळे ऐकत होते. मामा खाली मान घालून म्हणाले, "व्हय मालक. चूक माझी हाय." त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, तिथे उभा राहून म्हणालो, "मामा, मग आता तुमचा नंबर कितवा?" लोक हसले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "खाली, प्रोफेसर," ते म्हणाले. "लई खाली."

त्यानंतर कारखान्यात कुणाच्या हातून काही पडलं तरी 'जर्मनीचा पाया' अशी आरोळी उठायची. मामांनी 'भंगार' म्हणणं सोडून दिलं. दिवाळीला त्यांनी काम सोडलं. अण्णांनी रीतीप्रमाणे नारळ आणि आमच्याच कारखान्याचा टॉवेल दिला. टॉवेल हातात येताच त्यांनी तो उलटा करायला घेतला, पण मधेच थांबले आणि तसाच घडी घालून काखेत धरला. ते जाताना मी फाटकापर्यंत गेलो नाही. मला वर्गाला उशीर होत होता, असं मी स्वतःला सांगितलं.

गेल्या वर्षी मामा गेले. अण्णा आणि मी भेटायला गेलो. घर माणसांनी भरलं होतं. तिथेही अण्णांनी कुणाला तरी पायाची गोष्ट सांगितली, अगदी प्रेमाने, हसत हसत. काही माणसांना आपण कुठे बसलो आहोत याचं भान नसतं, आणि त्यांत माझे वडील आहेत हे मला फार उशिरा कळलं. चार दिवसांनी मामांची मुलगी माझ्याकडे आली. ती बालवाडीत शिकवते, मामांना नाना म्हणायची. तिने तंबाखूची एक जुनी डबी माझ्यापुढे ठेवली.

"सर, ह्ये तुमच्या मागातलं हाय. नानांनी कुणाला दावू नको म्हणून सांगितलं व्हतं. पर अण्णांनी त्या दिवशी परत तीच गोष्ट सांगितली. मला ऐकवंना झालं."

डबीत पत्र्याचा एक तुकडा होता. बियरचा डबा कात्रीने कापून त्याच्या तीन घड्या घातलेल्या, वर तारेचे वेढे. तेलाने काळा पडलेला, बोल्टाच्या दाबाने मधे खोल गेलेला. घडी उलगडली तर आत जर्मन अक्षरं आणि फेसाळ पेल्याचं अर्धं चित्र.

मामांनी तिला सांगितलं होतं की मागाचा एक भाग सैल झाला म्हणून तिकडच्या कुण्या कामगाराने हा तुकडा खाली सरकवून तारेने आवळला होता. आणि वर्षानुवर्षं तसाच चालवला होता. इथे येईपर्यंत तो पत्रा झिजला, भाग हलायला लागला, फासे बिघडले. मामांनी बंद शेडमध्ये हे शोधून काढलं. सायकलची ट्यूब आणि हे, यात काही फरक नव्हता.

"पण मग त्यांनी खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं. "स्वतःवर का घेतलं?"

"मी बी तेच इचारलं. तर म्हणले, त्ये बी आपल्यासारकेच निगाले तर आपण कुणाकडं बगायचं?"

मी डबी घेऊन तडक अण्णांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. जो माणूस तुमच्या प्रत्येक जुगाडाच्या जागी मुकाट्याने नीट भाग बसवत आला, त्याला तुम्ही सगळ्यांसमोर धुतलंत, आणि मी हसलो, असं म्हणालो. अण्णांनी पत्रा बोटांत धरला. मग न कळत उलटा केला. आतलं पेल्याचं चित्र पाहिलं. "माग थांबवायला सांग," ते म्हणाले, "आणि पाण्याची नळी आण."

नळीचं एक टोक मी पायाच्या या कडेला धरलं, दुसरं अण्णांनी त्या कडेला, गुडघे दुखत असताना खाली बसून. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर थांबलं. पाचर म्हणून कुठे काही नव्हतंच. मग मी मागाचं झाकण काढून टॉर्च धरला. जिथे तो पत्रा होता तिथे पोलादाचा काडेपेटीएवढा तुकडा बसला होता. चारी कडा कानशीने घासून गोल केलेल्या. वर बोल्ट आणि नट. मी पान्याने नट सैल केला, वरपर्यंत काढला, आणि मामांसारखा दोन बोटांनी परत फिरवला. तो कुठेही न अडता शेवटपर्यंत गेला.

"देश हाय," अण्णा म्हणाले. मग ते सुताच्या पोत्यावर बसून टॉवेलाने तोंड पुसत राहिले, आणि मला त्यांची दया आली नाही.

मामांनी जर्मनीची अब्रू स्वतःची घालून झाकली होती आणि मी हे लिहून ती चव्हाट्यावर आणली आहे. ते असते तर मला काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, आणि ते मी ऐकून घेतलं असतं. पण मला त्या देशापेक्षा हा माणूस जास्त जवळचा आहे. वर्गात मी अजून तोच तक्ता लावतो, मुलं तो अजून उतरवून घेतात. तो माग अजून चालू आहे. आणि त्याच्या पोटातला तो पोलादाचा तुकडा मी त्या दिवशी काढून उलटा करून पाहिला, तर त्यावर कुठल्याच देशाचं नाव नव्हतं.